जिथं दुखतं, तिथलं अवजार

(सामुदायिक रेडिओवरील दुपारच्या कार्यक्रमात परसबागेच्या अवजारांविषयी झालेलं हे भाषण. बोलल्याप्रमाणेच छापत आहोत.)



दुपारची वेळ आहे. जेवणं उरकली असतील, भांडी पालथी घातली असतील. कुणी ज्वारी निवडत असेल, कुणी लसूण सोलत असेल, कुणी गोधडीला टाके घालत रेडिओ ऐकत असेल. हातातलं काम थांबवू नका. आजचं बोलणं हातांबद्दलच आहे, आणि हातांत असणाऱ्या अवजारांबद्दल.

मी माण तालुक्यातली. आमच्याकडं पाऊस कमी. घरामागं माझी दीड गुंठ्याची परसबाग आहे. एक गुंठा म्हणजे 33 बाय 33 फूट, त्याच्या दीडपट. तेवढ्या जागेत वांगी, मिरची, टोमॅटो, मेथी, पालक, चुका, कोथिंबीर होते. मांडवावर दोडका, कारलं, दुधी चढतो. कडेला शेवग्याची दोन झाडं आणि कढीपत्ता. घरचं भागून उरलं तर आठवडे बाजारात जातं. त्या पैशाला घरात दुसरं कुणी विचारत नाही, म्हणून मला त्याचं मोल जास्त.

तर तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जत्रेत एक दुकान लागलं होतं. तिथला माणूस एका प्लॅस्टिकच्या यंत्रावर कांदा ठेवायचा, वरून दाबायचा, की खाली बारीक चौकोनी तुकडे. गाजर ठेवलं की कीस, बटाटा ठेवला की चकत्या. एका यंत्रात बारा कामं! आम्ही गटातल्या नऊजणी बघत उभ्या होतो. 350 रुपये सांगितले, आम्ही घासाघीस करून 300 वर आणले आणि नऊच्या नऊजणींनी घेतलं.

घरी आणल्यावर कांदा चिरला. पण आमच्या रानातलं गाजर त्याला सोसलं नाही, पाती वाकली. आठव्या दिवशी दाबायचा दांडा मोडला. तोवरसुद्धा ते धुवायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात विळीवर दोन भाज्या चिरून झाल्या असत्या.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या कोपऱ्यात बसून सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, कांदा चिरायला तुला वेळ किती लागतो? तुझी कंबर काय कांद्यानं मोडलीय का?"

मला हसू आलं, पण रात्री झोप येईना. खरंच, माझी कंबर कशानं मोडली होती? खुरपणीनं मोडली होती. पाण्याच्या बादल्यांनी मोडली होती. कांद्याचा त्यात काही दोष नव्हता. म्हणजे मी 300 रुपये खर्च केले, ते जिथं मला काहीच दुखत नव्हतं तिथं केले.

तेव्हापासून मी स्वतःला तीन प्रश्न विचारते. कुठलंही अवजार घेण्याआधी विचारते. कुठं दुखतं? कुठं वेळ जातो? कुठं वाया जातं? या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर ते अवजार देत नसेल, तर ते कितीही झकपक असो, पाय पुढं टाकायचा.

आम्ही हेच गटाच्या बैठकीतही केलं. प्रत्येकीनं एक दिवस आपल्या परसबागेतलं काम नीट बघायचं आणि सांगायचं. सगळ्यांची उत्तरं जवळपास सारखी निघाली: पाणी घालणं, खुरपणं, भेंडी-वांगी तोडताना हाताला होणारा त्रास, आणि तोडलेली भाजी सुकून जाणं. त्याच क्रमानं बोलते.

आधी पाणी

रोपाला आपण तांब्यानं पाणी घालतो. तांब्याची धार एका जागी पडते, माती उकरते, बारीक मुळ्या उघड्या पडतात, आणि नुकतं पेरलेलं बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. म्हणून वाफ्याला झारी हवी. विकतची झारी चांगलीच, पण पैसे घालायची गरज नाही. गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन घ्या, गरम पाणी आणि राखेनं तेलकटपणा काढून टाका. दाभण तापवून त्याच्या झाकणाला पंधरा-वीस बारीक भोकं पाडा. आणि एक भोक मुठीच्या वरच्या बाजूला पाडा. हे एक भोक विसरू नका. त्यातून हवा आत गेली तरच पाणी एकसारखं पडतं, नाहीतर कॅन गुटगुट करत आचके देतो. भोकं दिवसा, उघड्यावर पाडा. प्लॅस्टिकचा धूर नाकात जाऊ देऊ नका.

आता वेलांसाठी मटका. मटका म्हटलं की आमच्या गावात माणसं गालात हसतात. पण हा आकड्याचा मटका नाही, कुंभाराचा आहे. यात लावलेला पैसा परत येतो!

पाच ते आठ लिटरचा, रंग न दिलेला, नवा, साधा मातीचा माठ घ्या. आधी त्याची परीक्षा करा. पाण्यानं भरून ठेवा, दुसऱ्या दिवशी बाहेरून हात लावल्यावर ओलसर लागला तर तो पाझरणारा. कोरडाठाक राहिला तर उपयोग नाही. मग मांडवाच्या बुडाशी खड्डा घेऊन, माती आणि शेणखत मिसळून, माठ गळ्यापर्यंत पुरा. तोंड जमिनीच्या वर दोन बोटं राहू द्या, म्हणजे पावसात माती आत जात नाही. माठापासून वीतभर अंतरावर गोलाकार तीन-चार ठिकाणी दुधी, दोडका, कारलं, ज्याचं हवं त्याचं बी टोका. बी उगवेपर्यंत वरूनही थोडं पाणी द्या. पुढं मुळ्या आपोआप माठाकडं जातात, कारण ओल तिथं असते.

माती कोरडी झाली की माठ जास्त पाझरतो, ओली असली की कमी. म्हणजे झाडाला हवं तेवढंच पाणी जातं. वरची जमीन सुकी राहते, त्यामुळं तणही कमी उगवतं. माझ्या मातीत एक माठ तीन-चार दिवस पुरतो. तुमच्या मातीवर आणि उन्हावर तो कमी-जास्त होईल. अर्धा झाला की भरायचा, तळ दिसेपर्यंत थांबायचं नाही.

दोन गोष्टी सांभाळा. माठावर कौल किंवा फरशीचा तुकडा ठेवा, नाहीतर डास अंडी घालतील आणि भाजीबरोबर घरात डेंगी येईल. दुसरं, माठात स्वच्छ पाणीच घाला. तांदळाचं, डाळीचं धुतलेलं पाणी गढूळ असतं, त्यानं माठाची छिद्रं बुजतात. ते पाणी थेट शेवग्याला नाहीतर कढीपत्त्याला द्या. बोअरचं पाणी खारं असेल तर वर्षा-दोन वर्षांत माठावर पांढरा थर धरतो. तेव्हा माठ काढून काथ्यानं घासायचा, नाही उघडला तर बदलायचा.

अजून एक. सलाइनच्या बाटल्या टांगून ठिबक करतात, असं तुम्ही ऐकलं असेल. कल्पना चांगली आहे, पण दवाखान्यात वापरून टाकलेल्या बाटल्या आणि नळ्या घरी आणू नका. त्यात सुया असतात, रक्त लागलेलं असतं. पाण्याच्या साध्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून, त्यात सुताची वात घट्ट ओवून बाटली रोपाजवळ उलटी रोवली, तरी तेच काम होतं. बाटलीच्या बुडालाही सुईनं एक भोक पाडायचं, हवेसाठी.

खुरपं आणि उंची

आपण बायका खुरप्याला सगळ्यात कमी मान देतो. ते बोथट झालं तरी वापरतो आणि मग मनगट धरलं म्हणून रात्री तेल चोळतो. बोथट खुरप्याला दुप्पट जोर लागतो. एक कानस घरात ठेवा. लोहाराकडं ती कशी धरायची ते एकदा बघून घ्या, आणि खुरपणीला बसायच्या आधी चार हात मारा. मूठ फार बारीक असेल तर बोटं आवळून आखडतात. तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, हातात बसेल इतकी जाड करा. या दोन गोष्टींना मिळून जत्रेतल्या यंत्राच्या निम्मेही पैसे लागत नाहीत.

ओळीत लावलेल्या भाजीला मात्र उकिडवं बसायचीच गरज नाही. सायकल कोळपं तुम्ही बघितलं असेल. जुन्या सायकलचं पुढचं चाक, त्याला मागं पास, आणि धरायला लांब दांडा. उभं राहून ढकलायचं. वेल्डिंगवाला दोन तासांत करून देतो.

आमचं कोळपं केलं तेव्हाची गंमत सांगते. आमचे मालक वेल्डिंगवाल्याकडं गेले आणि करून घेऊन आले. मी चालवायला घेतलं, तर दहा मिनिटांत खांदे भरून आले. मला वाटलं, मलाच जमत नाही. दोन दिवस मी कुणाला बोललेही नाही. तिसऱ्या दिवशी जाऊबाईंनी चालवलं, त्यांचंही तेच. मग लक्षात आलं. दांडा मालकांच्या उंचीनं केला होता! त्यांच्या कमरेला येणारी मूठ माझ्या छातीला येत होती. मी ते कोळपं स्वतः घेऊन गेले, तिथं उभी राहिले आणि म्हटलं, माझ्या कमरेइतकं कापा. वेल्डिंगवाला म्हणाला, "पण चालवणार कोण?" मी म्हटलं, "मीच. इतकी वर्षं दुसरं कोण खुरपतंय?"

बायांनो, हे लक्षात ठेवा. एखादं अवजार जमत नसेल तर आधी स्वतःला दोष देऊ नका. ते कुणाच्या मापानं केलंय, ते बघा. ब्लाउज शिवायला टाकताना आपण माप देतो, तसंच अवजाराचंही द्यायचं.

बायकांच्या मापाची, बायकांच्या कामाची अवजारं बनवण्याचं काम आपल्या देशात चालतं. भोपाळला केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था आहे, परभणीला आपलं कृषी विद्यापीठ आहे, तिथं यावर काम होतं. मक्याचे दाणे काढायची हातात धरायची नळी, दातेरी पात्याचा हलका वैभव विळा, भेंडी तोडायची छोटी कात्री अशी किती तरी साधी साधनं आहेत. आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात गटानं मिळून जा आणि म्हणा, अवजारं दाखवा, आम्हाला हातात धरून बघायची आहेत. बघितल्याशिवाय घेऊ नका.

आता आत्याबाईंचं सांगते. त्यांचे गुडघे गेले. खाली बसता येईना, बसलं तर उठता येईना. ज्यांनी ही परसबाग लावली, त्या दोन वर्षं मागच्या दारी आल्या नव्हत्या. ओसरीवर बसून राहायच्या. जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. आम्ही म्हणायचो, वय झालं.

घराच्या कामातून उरलेल्या विटा पडल्या होत्या. त्यांचा आम्ही अडीच फूट उंच वाफा केला. रुंदी तीनच फूट ठेवली, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोचतो. तळाच्या विटांत पाणी निघायला फटी ठेवल्या. खाली तुऱ्हाट्या, वाळलेली पानं, उसाचं पाचट भरलं, त्यावर शेणखत आणि माती. पाचट कुजून खाली बसतं, म्हणून दर हंगामाला वरून माती-खत घालावं लागतं. शेजारी एक खुर्ची ठेवली.

पहिल्या दिवशी आत्याबाई नुसत्या बसल्या. दुसऱ्या दिवशी मी धने पेरायला घेतले, तशा ओरडल्या, "अगं, तसे अख्खे काय टाकतेस? दे इकडं." चपलेखाली धने रगडून त्यांचे दोन-दोन भाग केले, मग पेरले. आता तो वाफा त्यांचा आहे. मेथी, कोथिंबीर, चुका, सगळं त्याच बघतात. मला तिथलं पान तोडायचं तरी विचारावं लागतं! त्या विटा मला जत्रेतल्या नऊ यंत्रांपेक्षा मोलाच्या वाटतात.

तोडणी

भेंडीची लव हाताला लागते, बोटांची आग होते, रात्री पोळी लाटताना समजतं. वांग्याच्या देठाला काटे असतात. यासाठी हातमोजे घ्या. नसतील तर जुने जाड पायमोजे, बोटांच्या टोकाशी कापून घातले तरी पुष्कळ बचाव होतो. भेंडी एक दिवसाआड सकाळीच तोडा, म्हणजे जून होत नाही. आणि दुधी, दोडका, वांगं ओढून तोडू नका. ओढलं की वेल दुखावतो, कधी अख्खी फांदी हातात येते. छोट्या कात्रीनं देठ ठेवून कापा. देठ ठेवला की भाजीही जास्त टिकते.

आपण तोडलेली भाजी पदरात धरतो. मग एक हात अडकतो, आणि वाकलं की सगळं खाली. जुन्या जाड साडीची नाहीतर पँटीच्या कापडाची खोल ओटी शिवा, कमरेला नाड्यांनी बांधा. दोन्ही हात मोकळे होतात, काम निम्म्या वेळात उरकतं. शिलाई मशीन गटात एकीकडं तरी असतेच.

शेवग्याच्या शेंगांसाठी बांबूला आकडी बांधा. बांबूच घ्या, तोही वाळलेला. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा पाइप हलका वाटतो, पण शेवगा वाढून विजेच्या तारेपर्यंत गेलेला असतो आणि पाइप तारेला लागला तर क्षणात जीव जातो. तारेजवळच्या शेंगा राहू देत. बांबूनंसुद्धा त्यांच्या नादाला लागू नका.

फवाऱ्याची चूक

आता माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. आमच्या पाठीवरच्या पंपानं ज्वारीत टू-फोर-डी तणनाशक मारलं होतं. मी तोच पंप दोनदा साध्या पाण्यानं विसळला आणि त्यातून टोमॅटोवर निंबोळी अर्क मारला. चार-पाच दिवसांत टोमॅटोची कोवळी पानं दोऱ्यासारखी बारीक झाली, पिळवटली. मांडवावरचा दुधीही आखडला. निंबोळी अर्कानं असं होत नाही. पंपाच्या नळीत, वायसरात राहिलेलं तणनाशक होतं ते. टोमॅटोला त्याचा थेंबही सोसत नाही. आम्ही सगळी झाडं उपटली. हंगाम गेला, पण ती भाजी मी लेकरांच्या पानात वाढली नाही, एवढंच समाधान.

म्हणून परसबागेला वेगळा फवारा हवा. दीड-दोन लिटरचा हातपंप पुरतो. त्याच्यावर लाल रंगानं खूण करा आणि घरात सगळ्यांना सांगा, यात निंबोळी अर्काशिवाय काही घालायचं नाही. अर्क करायचा तर वाळलेल्या निंबोळ्या कुटून, लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम भुकटी रात्रभर भिजवायची. सकाळी चोळून जुन्या सुती कापडातून दोनदा गाळायचा, नाहीतर नोजल तुंबतं. थोडा साबणाचा चुरा मिसळायचा आणि ऊन उतरल्यावर मारायचा. अर्क रोजच्या रोज करायचा, साठवायचा नाही. आणि औषधाची रिकामी बाटली, डबा, कॅन कधीही पाण्याला, झारीला, स्वयंपाकघरात वापरू नका. कितीही धुतला तरी नाही.

तोडलेली भाजी टिकवायची कशी

सकाळी तोडलेली कोथिंबीर संध्याकाळी मान टाकते. फ्रिज असला तरी उन्हाळ्यात वीज असेलच असं नाही. याला एक जुना, सोपा उपाय आहे. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं भाजी गार ठेवायची.

एक मोठा माठ किंवा कुंडी घ्या, बिनरंगाची. त्यात तळाला वाळू घाला, वर दुसरा लहान माठ बसवा. दोन्हींच्या मध्ये चारी बाजूंनी दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. त्या जागेत वाळू भरा आणि पाण्यानं भिजवा. आतल्या माठात भाजी ठेवा, वर ओलं गोणपाट घाला. सावलीत, वारा खेळेल तिथं, तिवईवर ठेवा. वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी द्या. आफ्रिकेतल्या नायजेरिया देशात मोहम्मद बाह अब्बा नावाच्या एका शिक्षकानं 1995 च्या सुमाराला असेच माठात माठ तिथल्या गावागावांत पोचवले, त्यासाठी त्यांना पुढं मोठा पुरस्कारही मिळाला.

भाजी जास्त निघत असेल तर गटानं मिळून विटांचा शीतकक्ष बांधा. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेनं तो काढलेला आहे. विटांची दुहेरी भिंत, मध्ये तीन इंच जागा, त्यात ओली वाळू, वर वाळ्याचं नाहीतर गोणपाटाचं झाकण. कोरड्या उन्हाळ्यात आतली हवा बाहेरच्यापेक्षा 10 ते 15 अंशांनी गार राहते. वीज लागत नाही.

पण हे कोरड्या हवेतच चालतं. भर पावसाळ्यात किंवा कोकणासारख्या दमट हवेत पाणी उडत नाही, म्हणून गारवाही होत नाही. आणि यात कांदा, लसूण ठेवू नका, ओलीनं कुजतात. पालेभाजी, टोमॅटो, काकडी, वांगी ठेवा. माझी कोथिंबीर एप्रिलमध्येसुद्धा तीन दिवस ताजी राहते.

आणि शेवटचं अवजार, काटा

हे अवजार मातीत चालत नाही, पण मला सगळ्यात जास्त यानंच शिकवलं.

मी बाजारात एका व्यापाऱ्याला वांगी द्यायची. तो हातानं पिशवी उचलायचा आणि म्हणायचा, "दोन किलो हाय बघा मावशी." मी मान डोलवायची. एकदा मी आकड्याला अडकवायचा छोटा काटा घ्यायचं म्हटलं. पाचशेच्या आत येतो. घरात म्हणाले, "कशाला? एवढ्याशा भाजीला काटा?" त्याच महिन्यात विहिरीवर नवी मोटर आली होती, हजारोंची. तिला कुणी कशाला म्हटलं नव्हतं. भांडले नाही मी. भाजीच्या पैशातून काटा आणला.

पहिल्याच आठवड्यात घरून वजन करून गेले. दोन किलो 600 ग्रॅम. व्यापाऱ्यानं पिशवी उचलली, म्हणाला, दोन किलो. दर खेपेला 600 ग्रॅम जात होते. वर्षात 30 बाजार धरले तर 18 किलो वांगी झाली! मी एवढंच म्हटलं, "दादा, घरून मोजून आणलीय. दोन किलो सहाशे आहे. तुमच्या काट्यावर घाला." त्यानं घातली, आणि पैसे दिले. वाद झाला नाही. त्यानंतर त्यानं माझी पिशवी कधी हातानं उचलून सांगितली नाही.

एक सांगून ठेवते, हा काटा आपल्या माहितीसाठी. स्वतः बाजारात बसून वजनावर विकायचं असेल तर वैधमापन खात्याचा शिक्का असलेलाच काटा लागतो.

काट्याशेजारी मी एक वही ठेवलीय. काय तोडलं, किती घरात खाल्लं, किती विकलं. माझी लेक लिहिते. पहिल्या वर्षाअखेर तिनं बेरीज करून मोठ्यानं वाचली, तेव्हा आमचे मालक जेवता जेवता थांबले. "एवढं?" म्हणाले. एवढंच. पण पुढच्या हंगामात दुसरे चार माठ कुंभाराकडून त्यांनीच आणले, न सांगता.

गटाचं अवजार

सगळं एकटीनं घ्यायची गरज नाही. खुरपं, कात्री, हातमोजे, माठ हे ज्याचं त्याचं. कारण ते रोज लागतं आणि हातात बसावं लागतं. सायकल कोळपं, कानस, हातपंप, मका सोलायची नळी हे गटाचं. आम्ही एका ताईच्या पडवीत ठेवतो. नेताना वहीत नाव, आणताना धुऊन, पुसून, पात्याला तेलाचं बोट लावून. मोडलं तर ज्या घरात मोडलं त्या घरानं दुरुस्त करायचं. आणि कोळप्याला आता दांड्याला दोन भोकं पाडलीत. उंच बाईला वर, ठेंगणीला खाली, मूठ सरकवता येते.

तर बायांनो, आज एक काम करा. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की विचारा, आज कुठं दुखतंय? मनगट की कंबर की खांदा? ते कुठल्या कामानं? सकाळी त्या कामाचं अवजार हातात घेऊन बघा. कदाचित नुसती धार लावायची असेल. कदाचित दांडा चार बोटं कापायचा असेल. मग कळेल, पैसे घालायचे की नाही, आणि कुठं.

आणि घरात कुणी म्हातारं माणूस नुसतं बसून असेल, तर त्यांनाही विचारा. आमच्या आत्याबाई आत्ता मागच्या दारी खुर्चीत बसून हे ऐकत असतील. त्यांना सांगून आलेय, माझ्यामागं मेथी खुडू नका. पण खुडली असणार.

येते. राम राम.